एका नावाच्या दोन फायली

धाकटी : आता पुन्हा एकदा सांग, दादा. सावकाश. आणि केलंस त्या क्रमाने सांग, सोयीच्या क्रमाने नको.

दादा : मी क्रमवारच निवेदन करत होतो. तू मध्येच दोन्ही हात डोक्याला लावलेस, म्हणून थांबलो.

धाकटी : हे बघ, काढले हात. बोल.

दादा : काल संध्याकाळी ही कामावरून आली आणि नेहमीप्रमाणे टीव्हीसमोर खेळायला बसली. तू टीव्हीखाली बसवून दिलेल्या त्या जुन्या खेळांच्या खोक्याने पडद्यावर असे दर्शवले की जागा संपली आहे, सबब खेळाची नोंद होणार नाही. ही म्हणाली, उद्या वन्संना बोलावते. मी म्हटले, जागा करून घ्यायला नणंदेला झेरॉक्स-कॉम्प्युटरचे दुकान बंद करून कशाला बोलावतेस? ज्या माणसाने उभी नोकरी गोदामात भांडारपाल म्हणून जागा करण्यातच घालवली, तो माणूस घरात बसलेला आहे.

धाकटी : मग वहिनी काय म्हणाली?

दादा : म्हणाली, नको, तुम्ही हात लावू नका.

धाकटी : आणि तू?

दादा : मी तो तिचा विनय समजलो.

धाकटी : विनय. बरं. पुढे?

दादा : आज ही इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेल्यावर मी खोक्यातले कार्ड काढले आणि घरच्या कॉम्प्युटरला लावून पाहिले. आत जे दृश्य होते, ते पाहून मला वाईट वाटले. तुझ्यासारख्या टापटिपीच्या बाईने भरलेले कार्ड, आणि आत प्रत्येक मालाचे दोन दोन नग. नाव तेच. एक मोठा, एक अगदी लहान. रेल्वेचा खेळ दोनदा, विटा रचण्याचा खेळ दोनदा, हिचा शेताचा खेळ दोनदा.

धाकटी : नाव तेच होतं, पण नावापुढच्या टिंबानंतरची अक्षरं वेगळी होती. ती पाहिलीस का?

दादा : पाहिली. गोदामात मालाच्या नावापुढे कारकून स्वतःची आद्याक्षरे टाकतात, तसला प्रकार वाटला.

धाकटी : अरे देवा.

दादा : आता भांडाराचा नियम असा की, फळीवर एका नावाचे दोन नग आढळले तर तो दुबार माल. मोठा पूर्ण समजून ठेवायचा, लहान अपूर्ण समजून काढायचा. त्याप्रमाणे मी मोठी ठेवली, लहान काढली. सर्व.

धाकटी : सर्व म्हणजे सर्व?

दादा : मी निवडक काम कधी केले आहे का?

धाकटी : दादा, मोठी फाईल म्हणजे खेळ. तो कुणाकडेही मिळतो, माझ्या दुकानात दहा ठिकाणी पडलाय. लहान फाईल म्हणजे खेळणाऱ्याने आजवर काय काय केलं, त्याची नोंद. वहिनीने दोन वर्षं नांगरलेलं शेत त्या लहान फायलीत होतं.

दादा : ते मला दुपारी कळले. तेव्हाच तुला फोन केला.

धाकटी : ठीक. काढलेल्या फायली कॉम्प्युटरच्या रद्दीत असतील. तिथून परत आणू.

दादा : रद्दी मी रिकामी केली.

धाकटी : का?

दादा : अर्धवट काम मला जमत नाही.

धाकटी : एक पेला पाणी दे. नको, राहू दे, तू बस. दुपारी कळलं ते कसं कळलं?

दादा : कार्ड पुन्हा खोक्यात बसवले. टीव्हीवर तोच संदेश, जागा संपली. मला आश्चर्य वाटले. एवढा माल काढला आणि जागा जवळपास होती तेवढीच.

धाकटी : कारण तू काढलास तो सगळा माल मिळून एका फोटोएवढीही जागा व्यापत नव्हता. खोलीतलं कपाट हलवायचं सोडून तू त्याच्यावरची धूळ पुसलीस आणि म्हणतोस जागा का झाली नाही.

दादा : दृष्टांत समजला. तर पडताळणीसाठी म्हणून मी हिचा शेताचा खेळ उघडला. त्याने मला नाव विचारले. मी माझे दिले. आत गेलो तर गोठा रिकामा, रानात नुसते तण आणि दगड. मी वाटेने एक फेरी मारली. अंधार पडला म्हणून घरात जाऊन निजलो, तर खेळाने लिहिले, नोंद झाली. मला क्षणभर समाधान वाटले की चला, नोंद होऊ लागली, म्हणजे माझे काम फत्ते. मग मनात आले, हिच्या तर गाई होत्या. रोज संध्याकाळी ही गाईंशी बोलते, ते मी स्वयंपाकघरातून ऐकतो. त्या कुठे गेल्या?

धाकटी : आणि तू निजलास तेव्हा नवीन नोंद झाली.

दादा : झाली.

धाकटी : म्हणजे जिथून वहिनीचं शेत पुसलंस, तिथेच तुझं तण उगवलं असणार. बरं, कार्ड दे इकडे. हे बघ, याच्या बाजूला ही बारीक खिट्टी असते. खाली सरकवली की याच्यावर कुणाला काही लिहिता येत नाही. तुलासुद्धा नाही.

दादा : ही खिट्टी मला आधी दाखवली असतीस तर बरे झाले असते.

धाकटी : आता माझा लॅपटॉप हे कार्ड कोपऱ्याकोपऱ्याने चाळेल. पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही. तिच्यावरची चिठ्ठी तेवढी फाडली जाते. माल फळीवरच असतो, दुसरा कुणी येऊन त्या जागी बसेपर्यंत.

दादा : हे तू मला समजेल अशा भाषेत बोललीस. उपकार झाले.

धाकटी : वहिनी केव्हा येते?

दादा : दिवेलागणीला. चहा घेते आणि बसते. धाकटे, एक विचारतो. सापडेल ना?

धाकटी : दुसरं काही असतं तर खोटा धीर दिला असता. माहीत नाही.

दादा : मला त्या खेळातले काही कळत नाही. पण ही तिथे बसली की गुणगुणते. दिवसभर चादरी आणि वाफ यांत उभी राहून येते, पाय सुजलेले असतात, तरी गुणगुणते. मुलगा परगावी गेल्यापासून या घरात तेवढाच आवाज आहे. मी तो मुद्दाम ऐकतो असे नाही. पण स्वयंपाकघरात माझे काम त्या वेळेला जरा लांबते.

धाकटी : वहिनीला ठाऊक आहे हे?

दादा : अशा गोष्टी सांगायच्या असतात का?

धाकटी : नाही, नाही. सांगायच्या कशाला. हे बघ, तुझा खरा चोर सापडला. मेनूमध्ये प्रत्येक खेळावर थांबलं की त्याचा नमुन्याचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो ना? त्या व्हिडिओंनी कार्ड भरलंय. ते कुणी पाहत नाही. मीच हौसेने घातले होते.

दादा : म्हणजे मूळ दोष तुझा.

धाकटी : जागा भरण्याचा दोष माझा. त्यापुढचं सगळं स्वकर्तृत्व. थांब, चाळून झालं. लहान फायली सापडल्या. पुष्कळ आहेत.

दादा : हिची कोणती?

धाकटी : तेच तर. चिठ्ठ्या फाटल्यात, त्यामुळे नावं नाहीत, नुसते आकडे. आणि बऱ्याचशा एकाच आकाराच्या. ज्या त्या खेळात घालून उघडून बघायला लागणार.

दादा : पुराच्या वर्षी गोदामात असेच झाले होते. खोक्यांवरच्या चिठ्ठ्या भिजून गळाल्या. साऱ्यांनी सांगितले, फेकून द्या. मी एकेक खोके उघडून, वास घेऊन, हाताळून मालाची ओळख पटवली. चल, उघड एकेक. मी कंटाळणार नाही.

धाकटी : माहीत आहे. त्यातलं साबणाचं खोकं तू चाटून बघितलंस, हेही वहिनीने सांगितलंय. हं, ही पहिली. रेल्वेचा खेळ. तिसरं स्टेशन. मिळाली.

दादा : ही बाजूला ठेव. कार्डावर नको.

धाकटी : शिकतोयस. ही दुसरी, विटांची. तिसरी उघडतच नाही. चौथी... हे शेत आहे.

दादा : हेच. हेच घर, हीच विहीर.

धाकटी : नाव बघ.

दादा : माझे आहे.

धाकटी : ही तुझी दुपारची. पाचवी. ही पण शेताच्याच जातीची दिसते. घालते. थांब.

दादा : काय म्हणते?

धाकटी : म्हणते, नोंद आढळत नाही. आत उघडून बघू दे. दादा, पुढचा अर्धा तुकडा तुझ्या दुपारच्या फायलीचा आहे आणि मागचा अर्धा वहिनीचा. मधोमध फाटलीय. खेळ ती घेत नाही.

दादा : मागचा अर्धा तरी घे. पुढचे आपण बसून भरू.

धाकटी : ते गव्हाचं पोतं नाही, अर्धं भरलेलं असलं तरी गहूच म्हणायला. सहावी, सातवी, आठवी. या दुसऱ्याच खेळांच्या. संपलं, दादा. बाकी बहुतेक सगळं परत आलं, शेत मात्र नाही आलं.

दादा : पुन्हा चाळ.

धाकटी : पुन्हा चाळलं तरी तेच येणार.

दादा : तरी चाळ.

धाकटी : त्यापेक्षा ऐक. शेताची आणखी एक प्रत आहे. इथे नाही.

दादा : तुझ्या दुकानात?

धाकटी : तुझ्या मुलाकडे.

दादा : त्याच्याकडे कशी?

धाकटी : तुला खरंच माहीत नाही? दोघं मिळून खेळतात. त्या खेळात वर्षाचे चार ऋतू असतात. एक ऋतू वहिनी खेळते. संपला की माझ्या दुकानात येते, मी ती लहान फाईल त्याला पाठवते. पुढचा ऋतू तो तिकडे खेळतो आणि फाईल परत पाठवतो. मी माझ्याजवळ प्रत ठेवत नाही, ते त्या दोघांचं आहे. गाई त्याच, विहीर तीच, रान तेच.

दादा : केव्हापासून?

धाकटी : तो गेला त्या वर्षापासून.

दादा : ती तुझ्या दुकानात कपड्यांच्या मापाचे कागद झेरॉक्स करायला जाते, असे मला सांगते.

धाकटी : धुलाईखान्यात कपड्यांची मापं कोण घेतं, दादा?

दादा : ही शंका मला यायला हवी होती. बरे. तर तू त्याच्याकडून ती प्रत मागून घे.

धाकटी : मी?

दादा : तुझे त्याचे बोलणे असते. तू सांग की, काही तांत्रिक कारणास्तव प्रत आवश्यक आहे.

धाकटी : तांत्रिक कारण आता माझ्या समोर बसलंय, चष्मा लावून. दादा, गोदामात एखाद्याच्या हातून माल खराब झाला आणि दुसऱ्या गोदामातून मागवायची वेळ आली, तर मागणी कुणी करायची? तुझाच नियम. तू आम्हाला लहानपणी जेवताना ऐकवायचास.

दादा : ज्याच्या ताब्यात असताना खराब झाला, त्याने.

धाकटी : स्वतः?

दादा : स्वतः. हस्ते परहस्ते चालत नसे.

धाकटी : मग?

दादा : धाकटे, तो विषय वेगळा आहे. मी माझ्या शब्दावर त्याला त्या गोदामात चिकटवले. आणि वर्षाची मोजणी चालू असताना, अर्ध्या फळ्या मोजायच्या राहिल्या असताना, हा उठून पाव भाजायला गेला. तोंडाने सांगितले असते तरी चालले असते. तेव्हापासून माझ्याजवळ त्याच्याशी बोलण्यासारखे काही नाही.

धाकटी : आज आहे की. आठ-दहा केबींची फाईल आहे. लावते फोन.

दादा : अगं, जरा थांब. मला वाक्य तरी जुळवू दे.

(धाकटी ऐकत नाही. फोन लावून ती तो मेजावर, दोघांच्या मधोमध ठेवते. पलीकडून भांड्यांचा आवाज आणि मग मुलाचा आवाज येतो.)

मुलगा : बोल आत्या. पटकन बोल, हाताला पीठ आहे.

दादा : आत्या नव्हे. मी आहे.

मुलगा : आई बरी आहे ना?

दादा : उत्तम आहे. कामावर आहे.

मुलगा : मग तुमचं काही? दुखतंय का कुठे?

दादा : प्रकृतीची तक्रार नाही. एक मागणी आहे.

मुलगा : माझ्याकडे?

दादा : तुझ्याकडे. तुझ्या आणि तुझ्या आईच्या सामायिक शेताची फाईल आज माझ्या हातून नष्ट झाली. तिची एक प्रत तुझ्याजवळ असल्याचे समजते. ती मिळावी.

मुलगा : आत्या, हे तू लिहून दिलंस का त्यांना?

धाकटी : नाही रे बाबा. हे मुळातलंच आहे.

मुलगा : नष्ट म्हणजे कशी झाली?

दादा : मोठी ठेवली, लहान काढली.

मुलगा : म्हणजे... एका नावाच्या दोन दिसल्या आणि तुम्ही दुबार माल समजलात.

दादा : होय.

मुलगा : पहिल्या दिवशी गोदामात मला हेच शिकवलं होतंत. फळीसमोर उभं करून.

दादा : तुझ्या लक्षात आहे?

मुलगा : इथेही तसंच करतो. साच्यांच्या बाबतीत. पण निदान आधी विचारतो.

दादा : तू हसतो आहेस.

मुलगा : हसत नाहीये. म्हणजे हसतोय, पण तसं नाही. थांबा, हात धुऊन येतो. आत्या, रद्दीत बघितलंस?

धाकटी : रद्दी रिकामी केली यांनी. वर स्वतःच्या नावाने शेत सुरू करून एक रात्र निजून आले. चाळून झालं सगळं. फाटकी निघाली.

मुलगा : मग माझ्याकडचीच पाठवायला लागेल. पण ती माझा ऋतू संपवून आईला दिली तेव्हाची आहे. त्यानंतर आईने जे केलं ते तिच्यात नाही.

धाकटी : आणि तिचा ऋतू अर्ध्याच्या वर झाला होता. परवा दुकानात म्हणत होती, कोबी काढायला आलाय.

मुलगा : तो कोबी गेला मग. पाठवतोय. बाबा, एक करू या का? आईला मी सांगतो, माझ्याकडूनच जुनी फाईल तिकडे येऊन बसली आणि नवी पुसली गेली. माझ्यावर ती फार वेळ चिडत नाही.

दादा : नको.

मुलगा : तुम्हाला बोलणी बसतील. तिने हात लावू नका म्हटलं असणार.

दादा : म्हटले होते. म्हणूनच नको. मी सांगेन.

धाकटी : आली फाईल. खिट्टी वर सरकवून आधी ते व्हिडिओ कार्डावरून काढते. हां. आता बघ दादा, केवढी जागा झाली. तुझी दुपारची नोंदही काढू ना?

दादा : काढ. माझ्या शेतात काही नव्हते.

धाकटी : आणि याची फाईल इथे ठेवली. खेळाचं जे नाव, अगदी तेच नाव हिलाही द्यायचं, नाहीतर खेळ तिला ओळखत नाही.

दादा : म्हणजे एका नावाच्या दोन असल्याच पाहिजेत.

धाकटी : असल्याच पाहिजेत. कार्ड खोक्यात. टीव्ही लाव. उघड शेत.

दादा : उघडले. यात गवत कापलेले आहे. दगड नाहीत. विहिरीजवळ कुंपण घातले आहे.

मुलगा : ते मी घातलं. आई म्हणायची गाई विहिरीत पडतील. त्या पडत नाहीत, पण तिला कोण सांगणार. बाबा, निजू मात्र नका. दिवस पुढे जाईल. नुसतं फिरून बघा.

दादा : गोठ्यात जाऊ?

मुलगा : जा. आईच्या गाई तिथेच आहेत.

दादा : पहिल्या गाईवर इंग्रजी अक्षरे आहेत. जे, ई, व्ही... जेवलास. गाईचे नाव जेवलास?

मुलगा : नावाला सहाच अक्षरं मावतात. आई गाईचं नाव ठेवते, ते मी माझा ऋतू आला की इकडे वाचतो. मग मी कोंबडीचं नाव ठेवतो, ते ती तिकडे वाचते. खुराड्यात बघा, पहिल्या कोंबडीचं नाव ‘हो’.

दादा : एवढ्यासाठी एक ऋतू थांबायचे? हे फोनवर विचारता येत नाही का? दर रविवारी तुझा फोन येतो.

मुलगा : फोनवर तुम्ही शेजारी असता.

धाकटी : मी चहा टाकते.

दादा : टाक. मी शेजारी असतो, पण मी काही बोलत नाही.

मुलगा : तेच. तुम्ही काही बोलत नाही, मग आईही दोन वाक्यांत आटपते. हवा कशी आहे, अंगावर काढू नकोस, ठेवते. नंतर मला वाटत राहतं की तिला आणखी काही म्हणायचं होतं.

दादा : दुसऱ्या गाईचे नाव ‘कधी’.

मुलगा : हो. ‘येणार कधी’ एवढं मावत नाही.

दादा : तिची कोंबडी कोणती?

मुलगा : डावीकडची. बघू नावाची.

दादा : बघू. आणि हा दारात उभा आहे तो कुत्रा?

मुलगा : त्याचं नाव वाचू नका.

दादा : वाचले. बाबा.

धाकटी : हे मला कुणी सांगितलंच नाही.

दादा : हे नाव तू ठेवलेस की तिने?

मुलगा : आईने. मी फक्त हरकत घेतली नाही.

दादा : काय काम करतो हा?

मुलगा : राखण. रात्री कुंपणाशी उभा राहिला की गुरांना काही होत नाही. चांगला आहे. फक्त घरात आणायला गेलं की दारापर्यंत येतो आणि परत फिरतो.

दादा : वर्णन अचूक आहे.

मुलगा : बाबा, मी तसं म्हणत नव्हतो...

दादा : मी तक्रार केली नाही. मला एक सांग. हिच्या आताच्या ऋतूत, जो मी घालवला, त्यात तुला वाचण्यासारखे काही होते का?

मुलगा : ती तिसरी गाय घेणार होती. पैसे साठवत होती खेळात. घेतली असेल तर तिचं नाव मला दिसायच्या आधीच गेलं.

धाकटी : घेतली होती. गेल्या आठवड्यात. नाव मी विचारलं नाही, ते मी विचारत नसते.

दादा : म्हणजे मी कोबी घालवला एवढेच नाही.

मुलगा : जाऊ द्या. तिला आठवत असेल.

दादा : ते आठवणे वेगळे आणि तुझ्यापर्यंत पोचणे वेगळे. न उघडलेला माल माझ्या हातून गेला. माझ्या नोकरीत असे एकदाही घडले नव्हते.

मुलगा : मी पण एकदा अर्धं टाकून गेलोच की. मोजणी संपेपर्यंत थांबायला हवं होतं, बाबा. हे मला पहिल्याच रात्री कळलं. मग तुमच्याशी फोनवर बोलायला दिवसागणिक जड होत गेलं.

दादा : मोजणी मी पुरी केली. ताळा बरोबर आला. आज तो विषय नाही.

मुलगा : बरं.

धाकटी : बरं काय, बरं? पुढे बोला. फोनची बॅटरी माझी जातेय.

दादा : तुमच्या त्या भट्टीवर पीठ किती दिवसांचे ठेवता?

मुलगा : पीठ? कशाला?

दादा : विचारले.

मुलगा : दोन-तीन दिवसांचं. जास्त ठेवलं तर ओल धरतं. इकडे हवा दमट आहे.

दादा : पोती थेट जमिनीवर?

मुलगा : नाही, फळ्यांवर. मीच घालून घेतल्या फळ्या. आधी मालक जमिनीवरच ठेवायचा, खालचं पोतं दर वेळी जायचं.

दादा : आणि आधी आलेले आधी काढता, की वरचे हाताला लागते म्हणून वरचे?

मुलगा : आधीचं आधी. पोत्यावर खडूने तारीख टाकतो. पोरं हसतात मला.

दादा : हसू दे. बरोबर आहे तुझे.

मुलगा : काय म्हणालात?

दादा : खडूपेक्षा कोळसा बरा. दमट हवेत खडू पुसला जातो. पण पद्धत बरोबर आहे.

धाकटी : दादा, जिन्यात वहिनीचा आवाज. खालच्या मजल्यावर कुणाशी तरी बोलतेय. कप उतरवू का?

दादा : उतरव. तिचाही.

मुलगा : ठेवू मी, बाबा? तुम्हाला सांगायचंय तिला. नंतर करतो हवं तर.

दादा : ठेवू नकोस. आधी मी तिला काय झाले ते सांगतो. उभ्यानेच सांगतो, ती चप्पल काढते तोवर. मग ती काय बोलायचे ते बोलेल. त्यानंतर तिसऱ्या गाईचे नाव तिला तूच विचार, हा फोन मी तिच्या हातात देतो.

मुलगा : आणि तुम्ही?

दादा : मी आणि तुझी आत्या चहा घेऊन बाहेर जिन्यात बसतो. दार लोटून घेतो.

मुलगा : बाबा, तसं काही नको. तुम्ही बसलात तरी...

दादा : तुमचे बोलणे सावकाश होऊ दे. झाले की तिला म्हणावे, मला आत हाक मार. पोती भिंतीपासून किती अंतरावर ठेवता, ते विचारायचे राहिले आहे.